सोवळ्यातले पाणी

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे नको, असे आपले भारतीय मानक सांगते. हेच नॅनोग्रॅममध्ये मांडले तर दहा हजार होतात. उत्तर ध्रुवाकडच्या स्वच्छ समुद्राच्या लिटरभर पाण्यात विरघळलेले शिसे असते साधारण दोन नॅनोग्रॅम, कुठे थोडे कमी, कुठे थोडे जास्त. आता बोटीच्या कठड्यावरून जुन्या तैलरंगाचा एक कपचा निसटून बाटलीत पडला असे समजू. वजन एक मायक्रोग्रॅम, म्हणजे दिसेल न दिसेल एवढा, आणि त्यात शिसे अवघे एक टक्का. तेवढ्याने बाटलीत दहा नॅनोग्रॅमची भर पडते आणि समुद्रातले शिसे एका क्षणात सहापट होते. समुद्राला त्याचा पत्ताही नसतो. ही सहापट वाढ झालेली असते फक्त आपल्या वहीत.

आर्क्टिकच्या फ्योर्डमधले जड धातू मोजण्याच्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी ही एवढीच अडचण आहे. म्हणून आढावा मोजणाऱ्याच्या हातांपासून सुरू करावा लागतो.

फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि पुढे समुद्राचे पाणी आत शिरलेली खोल, लांबट दरी. नॉर्वे, ग्रीनलँड आणि स्वालबार्डचे किनारे अशा दऱ्यांनी फाटलेले आहेत. आपल्या दृष्टीने त्यातली जवळची म्हणजे स्वालबार्डमधली कोंग्सफ्योर्ड. ७९ अंश उत्तर अक्षांश, लांबी सुमारे वीस किलोमीटर. तिच्या दक्षिण काठावर नी-ऑलेसुन्द ही संशोधनवस्ती आहे आणि २००८ च्या जुलैपासून तिथे भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र आहे. केंद्राचा कारभार गोव्यातून, वास्को-द-गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. फ्योर्डच्या टोकाला क्रोनेब्रीन, कोंग्सव्हेगेन, कोंग्सब्रीन या हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. तोंडाकडून अटलांटिकचे कोमट, खारट पाणी आत येते. तोंडाशी त्याला अडवणारा उंच उंबरठा नसल्याने ते बरेच आतपर्यंत पोहोचते. दोन्हींची गाठ पडते त्या मधल्या पट्ट्यात धातूंचे काय होते, हा प्रश्न.

'जड धातू' या शब्दाबद्दलही एक वाक्य हवे. शिसे, पारा, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल, कोबाल्ट आणि धातू नसलेले आर्सेनिकसुद्धा या एका पिशवीत कोंबले जाते. रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वतीने २००२ साली जॉन डफस यांनी छापलेल्या लेखाचा मथळाच हा शब्द निरर्थक आहे का, असे विचारणारा होता. घनता किती असली की धातू 'जड', यावरही एकमत नाही. तरी शब्द रुळला आहे, सगळ्यांना कळतो. मीही तो वापरतो.

या शास्त्राला पहिला मोठा धक्का दिला तो समुद्राशी संबंध नसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन पृथ्वीचे वय काढत होते. १९५६ साली त्यांनी ४.५५ अब्ज वर्षे हा आकडा छापला आणि तो आजही जवळपास तसाच टिकून आहे. पण तो काढताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. उल्कापाषाणातले शिसे मोजायला घ्यावे तर दर वेळी वेगळे आणि भरमसाट उत्तर. ते जादा शिसे पाषाणातले नव्हतेच. ते खोलीच्या हवेत होते, आम्लाच्या बाटलीत होते, काचेत होते, स्वतःच्या केसांत होते. तेव्हा त्यांनी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये गाळलेल्या हवेची खोली उभारली, आम्ले पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केली, कपडे बदलून आत जायचा नियम घातला.

आपल्या आजीचे सोवळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही खोली चटकन समजेल. अमुक कपड्याने तमुकाला शिवायचे नाही. शिवलेच तर पुन्हा पहिल्यापासून. घरात त्या नियमांमागे कितपत कारण होते हा वाद जुना आहे. शिशाच्या प्रयोगशाळेत मात्र प्रत्येक नियमामागे नॅनोग्रॅममध्ये मोजलेले कारण असते.

याच खोलीच्या बळावर पॅटरसन समुद्राकडे वळले. त्यांना जे दिसले ते उलटे होते. निसर्गक्रमाने शिसे खोल पाण्यात जास्त असायला हवे होते, तसे नव्हते. पृष्ठभागावर जास्त आणि खाली कमी होते. म्हणजे ते वरून, हवेतून पडत होते आणि हवेत येत होते पेट्रोलमधून. १९६९ मध्ये ग्रीनलँडच्या बर्फाच्या थरांतही त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शिशाची हीच वाढती चढण सापडली. १९८१ मध्ये शौल आणि पॅटरसन यांनी ईशान्य प्रशांत महासागरातले शिसे पुरेशा सोवळ्याने मोजून छापले, तेव्हा त्याआधीचे बहुतेक आकडे टाकाऊ ठरले. ते जहाजाचे, दोरखंडाचे, बाटलीचे आणि मोजणाऱ्याचे शिसे होते.

इतर धातूंचेही तसेच झाले. १९७६ मध्ये बॉइल, स्क्लेटर आणि एडमंड यांनी 'नेचर'मध्ये दाखवले की समुद्रातले कॅडमियम फॉस्फेटच्या पावलावर पाऊल टाकून चालते. जिथे सूक्ष्म वनस्पतींनी फॉस्फेट खाऊन संपवले तिथे कॅडमियमही कमी. खोल पाण्यात दोन्ही जास्त. पाठोपाठ केन ब्रुलँड यांनी जस्ताचे नाते सिलिकेटशी जोडून दाखवले. या शोधांचा एक अनपेक्षित फायदा झाला. आकडा खरा की भेसळीचा, हे ओळखायची कसोटी मिळाली. एखाद्याच्या कॅडमियमचा आलेख फॉस्फेटच्या अंगाने न जाता वेडावाकडा धावत असेल, तर समुद्राने नियम मोडला असे समजण्याआधी बाटल्या तपासाव्यात. आर्क्टिकच्या पाण्यावरचा निबंध हातात आला की मी पहिल्यांदा हे पाहतो. दुसऱ्यांदा पाहतो तो कोऱ्या नमुन्याचा, म्हणजे अतिशुद्ध पाण्यालाही त्याच सगळ्या प्रक्रियेतून नेल्यावर येणारा, आकडा. तो दिलेलाच नसेल तर पुढचे तक्ते वाचण्यात अर्थ नसतो.

आता प्रत्यक्ष बोटीवर. नमुना घेण्याचे काम दुरून सोपे वाटते: बाटली बुडवा, झाकण लावा. पण बोटीच्या तळाला गंज लागू नये म्हणून जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात आणि ते झिजत राहावेत हाच त्यांचा उद्देश असतो. म्हणजे बोट स्वतःच्या भोवती जस्ताचा ढग घेऊन फिरते. तळाच्या रंगात तांबे असते, शेवाळ धरू नये म्हणून. यंत्राच्या धुरात आणखी काय काय. म्हणून मोठ्या बोटीवरून छोट्या रबरी होडीत उतरायचे, वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या तोंडाकडे जायचे, यंत्र बंद करायचे आणि होडीच्या नाळेवरून लांब प्लास्टिकच्या दांडीने, होडी अजून न गेलेल्या पाण्यात बाटली बुडवायची. हातमोजे भुकटीवाले नकोत, भुकटीत जस्त असते. रंगीत झाकणाची बाटली नको, काही रंगद्रव्यांत कॅडमियम असते. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने चेहरा भाजू नये म्हणून लावायच्या मलमात झिंक ऑक्साइड, म्हणजे पुन्हा जस्तच. बरे, पांढरे अस्वल कधी उगवेल सांगता येत नाही, त्यामुळे वस्तीबाहेर पडणाऱ्या तुकडीबरोबर बंदूक असतेच. लिटरमागे दोन नॅनोग्रॅम शिसे शोधायला निघालेल्या होडीत शिशाच्या गोळ्या असाव्यात, यातली गंमत तिथे काम करणाऱ्यांच्या नजरेतून सुटत नसावी.

दोघांनी मिळून काम करायचे असते. एक 'मळक्या हातांचा', तो होडी, दोर, बाहेरची पिशवी सांभाळतो. दुसरा 'स्वच्छ हातांचा', तो फक्त आतल्या पिशवीतल्या बाटलीला स्पर्श करतो. बाटली दोन पिशव्यांत असते आणि त्याआधी आठवडेच्या आठवडे आम्लात मुरलेली असते. खोलवरचे पाणी हवे असेल तर आतून टेफ्लॉनचा थर दिलेल्या बाटल्या केव्हलारच्या दोरावर सोडतात. पोलादी तारेवर नेहमीच्या बाटल्या सोडल्या तर लोखंड आणि जस्त फुकट मिळते. त्या बाटल्यांच्या आत ताणलेला रबरसुद्धा जस्त सोडतो.

इतके करून पाणी हाती आले की दुसरा पेच उभा राहतो. 'विरघळलेले' म्हणजे काय? साखर चहात विरघळते तसे धातू समुद्रात विरघळलेले असतातच असे नाही. काही सुटे आयन असतात, काही सेंद्रिय रेणूंच्या मिठीत, काही लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटून तरंगत असतात. रसायनशास्त्राने यावर व्यवहारी तोडगा काढला: गाळणीतून जे खाली आले ते विरघळलेले, वर राहिले ते कणरूप. पूर्वीपासून चालत आलेली गाळणी ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांची, आता महासागरी कामात ०.२ ची. ०.०२ ची वापरली तर ०.२ मधून सुटलेले बरेचसे लोखंड वरच अडकते. म्हणजे 'विरघळलेले लोखंड' हा निसर्गातला पदार्थ नव्हेच, तो गाळणीचा निकाल आहे.

उघड्या समुद्रात याने फारसे बिघडत नाही, पाणी नितळ असते. फ्योर्डमध्ये बिघडते. हिमनदी खडकाला घासून त्याचे पीठ करते आणि उन्हाळ्यात ते पीठ तांबूस-करड्या लोटांनी समुद्रात येते. असले पाणी गाळायला घेतले की पहिल्या काही मिलिलिटरनंतर गाळणीवर चिखलाचा थर बसतो, छिद्रे बुजतात आणि ०.४५ ची गाळणी गुपचूप त्याहून बारीक होऊन बसते. पहिल्या पेल्यातले लोखंड आणि शेवटच्या पेल्यातले लोखंड एकाच बाटलीतून येऊनही जुळत नाही. दोन संशोधकांचे आकडे वेगळे आले तर एकाने गाळणी लवकर बदलली, एवढेच कारण असू शकते. गाळायला किती वेळ थांबले हाही मुद्दा आहेच. शिसे कणांना चिकटायला टपलेले असते आणि न गाळलेल्या बाटलीत तासागणिक 'विरघळलेले' शिसे कमी होत जाते. गाळून झाल्यावर अतिशुद्ध आम्ल घालून पाण्याचा सामू दोनच्या खाली आणतात, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला धरत नाहीत.

पुढचा शत्रू मीठ. लिटरभर समुद्रात पस्तीस ग्रॅम मीठ आणि दोन नॅनोग्रॅम शिसे. हिशेब केला तर एक ग्रॅम शिशामागे साडेसतरा हजार टन मीठ. उरण-पेणच्या मिठागरांतल्या सगळ्या राशी डोळ्यांसमोर आणल्या तरी हे प्रमाण नीट कळेल की नाही शंका आहे. आज धातू मोजायला सर्रास वापरले जाणारे यंत्र म्हणजे प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमीटर. आरगॉन वायूच्या, सूर्याच्या पृष्ठभागाइतक्या किंवा त्याहून तप्त ज्योतीत पाणी फवारतात, अणूंचे आयन होतात आणि वजनाप्रमाणे वेगळे केले जातात. पण यंत्राला फक्त वजन कळते, नाव कळत नाही. ज्योतीतले आरगॉन (४०) आणि मिठातले सोडियम (२३) एकत्र आले की वजन होते ६३, तांब्याचेही तेच. आरगॉन आणि क्लोरिन (३५) मिळून ७५, अगदी आर्सेनिक. समुद्रात मुबलक असलेले मॉलिब्डेनम एक ऑक्सिजन अंगावर घेऊन कॅडमियमचे सोंग घेते. खारे पाणी थेट यंत्रात घातले तर तांबे, आर्सेनिक, कॅडमियम सगळेच भरपूर सापडते आणि त्यातले बरेचसे नसतेच.

म्हणून आधी मीठ मागे सोडून धातू वेगळे काढावे लागतात. पूर्वी हे सेंद्रिय द्रावकाने करत. आता धातूंना खेकड्याच्या आकड्यांसारखे पकडणाऱ्या राळेच्या बारीक नळीतून पाणी सोडतात. सोडियम-मॅग्नेशियम बहुतेक वाहून जाते, धातू राळेवर अडकतात, मग थोड्याशा आम्लाने ते सोडवून घेतात. पाणी पंचवीसपट, पन्नासपट घट्ट होते. त्याआधी नमुन्यावर काही तास अतिनील प्रकाश टाकावा लागतो, नाहीतर सेंद्रिय रेणूंनी घट्ट धरलेले कोबाल्ट आणि तांबे राळेला दाद देत नाहीत आणि आकडा कमी येतो.

या प्रक्रियेत किती धातू वाटेत हरवला हे कसे कळणार? त्यावरचा उपाय मला या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो. पोत्यात तांदळाचे दाणे किती ते मोजायचे आहे. मोजून हजार दाणे रंगवायचे, पोत्यात टाकून नीट मिसळायचे आणि ओंजळभर काढून रंगीत आणि पांढऱ्यांचे प्रमाण पाहायचे. नंतर पोते फाटून निम्मे तांदूळ सांडले तरी प्रमाण बदलत नाही. शिशाच्या बाबतीत रंगीत दाणे म्हणजे शिशाचेच एक समस्थानिक, म्हणजे गुणाने तेच पण अणूच्या वजनाने वेगळे शिसे, निसर्गात असते त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात भरलेले. ते सुरुवातीलाच मोजून मिसळले की पुढे काही सांडले तरी उत्तर सुटते. अट एकच, जे सांडेल ते चालेल. बाहेरून आत येईल ते नाही.

दुसरी वाट विद्युतरसायनाची. पाऱ्याच्या लोंबत्या थेंबावर धातू जमवायचे आणि मग विद्युतदाब उलटा फिरवून एकेक सोडवत प्रवाह मोजायचा. उपकरण टेबलावर मावते, नी-ऑलेसुन्दच्या प्रयोगशाळेतही चालते आणि मिठाचे त्याला वावडे नसते, उलट मिठामुळे वीज वाहते. शिवाय एकूण किती धातू आहे यापेक्षा मोकळा, जिवांना घेता येईल असा किती, हे ते जास्त चांगले सांगते. फक्त धातूंचे प्रदूषण तपासायला आर्क्टिकमध्ये पाऱ्याची कुपी न्यायची हे कोणालाच बरे वाटत नाही, त्यामुळे बिस्मथचे आणि सोन्याचे इलेक्ट्रोड पुढे येत आहेत.

पाऱ्याचे घराणेच वेगळे. त्याला प्लास्टिकच्या साध्या बाटलीत ठेवता येत नाही. वाफ भिंतीतून आरपार जाते, बाहेरचीही आत येते. त्याला काच किंवा टेफ्लॉन. अंगठीला पारा लागला की सोने पांढरे पडते हे सोनारांना ठाऊक असते; प्रयोगशाळाही तेच करते. ब्रोमीन मोनोक्लोराइडने पाण्यातला सगळा पारा एका रूपात आणायचा, कथिलाच्या क्षाराने त्याची वाफ करायची, सोन्याच्या सापळ्यात धरायची, तापवून सोडायची आणि प्रकाशाने मोजायची. खुल्या समुद्रात पारा लिटरमागे एका नॅनोग्रॅमच्या पाव-अर्ध्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो. तरी आर्क्टिकला त्याचे भय जास्त आहे. १९९५ मध्ये कॅनडातल्या अलर्ट इथे लक्षात आले की ध्रुवीय वसंतात, सूर्य उगवताच, हवेतला पारा काही दिवसांपुरता जवळजवळ नाहीसा होतो. समुद्रबर्फातून सुटलेल्या ब्रोमीनमुळे तो बर्फावर उतरत असतो. उतरलेल्यापैकी बराच पुन्हा उडून जातो, काही वितळत्या पाण्याबरोबर फ्योर्डमध्ये येतो. किती येतो यावर भांडण अजून चालू आहे.

या सगळ्याची उजळणी करायला प्रमाणित पाणी लागते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे समुद्राचे, किनाऱ्याचे, खाडीचे आणि नदीचे पाणी धातूंचे प्रमाण ठरवून बाटल्यांतून मिळते. २०१० पासून पद्धतशीर सुरू झालेल्या 'जिओट्रेसेस' या आंतरराष्ट्रीय मोहिमेने त्याच ठिकाणचे पाणी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजून ताडून पाहायची सक्तीच केली. २०१५ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जर्मनीची जहाजे आर्क्टिकमध्ये एकाच उन्हाळ्यात फिरली. त्यातून मध्य आर्क्टिकचे धातूंचे नकाशे आज विश्वासाने वाचता येतात. फ्योर्डचे अजून नाहीत, आणि त्याचे कारण फ्योर्डच्या स्वभावात आहे.

मध्य समुद्रात पाणी महिनोन्महिने तसेच राहते. फ्योर्डमध्ये जुलैच्या सकाळचे पाणी संध्याकाळी राहत नाही. भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा, हिमनदीच्या पोटातून आलेला लोट या सगळ्यांनी ते बदलते. त्यामुळे नुसता धातूचा आकडा मुका असतो. त्याच्यासोबत क्षारता लागते. दुधात पाणी मिसळले तर स्निग्धांश पाण्याच्या प्रमाणात घटतो आणि आलेख सरळ रेषेत उतरतो. हिमनदीचे गोडे पाणी आणि अटलांटिकचे खारे पाणी मिसळताना धातूही त्या सरळ रेषेवर राहिला तर समजावे, नुसती मिसळण झाली. रेषेखाली झुकला तर वाटेत कुठेतरी गळाला. वर उचलला तर कुठूनतरी आला.

लोखंड हमखास खाली झुकते. गोड्या पाण्यात ते कोलॉइडी रूपात तरंगत येते आणि मीठ लागताच दूध नासावे तसे फाटते, गुठळ्या होऊन तळाला जाते. हिमनदीच्या तोंडाशी 'विरघळलेले' म्हणून मोजलेल्या लोखंडापैकी बहुतांश खुल्या समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. वितळत्या हिमनद्या समुद्राला लोखंडाचे खत पुरवतील, ही कल्पना त्यामुळे बरीच सावधपणे मांडावी लागते. कॅडमियमचे उलटे होते. ते कणांवर बसून येते आणि समुद्रातले क्लोराइड त्याला ओढून विरघळवून घेते. रेषा वर उचलते. शिसे कणप्रिय. हिमनदीच्या पिठाने गढूळलेल्या पाण्यात कणांवर शिसे भरपूर आणि पाण्यात विरघळलेले कमी, असेही दिसू शकते. गढूळ पाणी म्हणजे विरघळलेल्या धातूंनी भरलेले पाणी, हा समज फ्योर्डमध्ये सरळ फसवतो.

त्यात हिमनदीचा तळ समुद्रपातळीखाली असेल तर आणखी एक गोष्ट घडते. वितळलेले गोडे पाणी खोलवर सुटते, हलके असल्याने उसळून वर येते आणि येताना खालचे खारे पाणी ओढून आणते. क्रोनेब्रीनसमोर असे लोट दिसतात, त्यांवर किट्टीवेक पक्ष्यांचे थवे घोंघावतात. पृष्ठभागावर सापडलेल्या धातूंत हिमनदीचे किती आणि तळातून उसळलेल्या अटलांटिक पाण्याचे किती, हे वेगळे करायला धातूखेरीज ऑक्सिजनची समस्थानिकेही मोजावी लागतात. ज्यांनी पृष्ठभागाची एक बाटली भरून 'हिमनदीमुळे एवढे तांबे' असे लिहिले आहे, त्यांच्या वाक्याला हा आधार लागतो.

माणसाने केलेली घाण ओळखायची तर तिची जात समजावी लागते. नी-ऑलेसुन्द स्वतः कोळशाची वसाहत होती. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले आणि त्यावरून उठलेल्या वादळात पुढच्या वर्षी नॉर्वेचे सरकार पडले. खाण बंद झाली. तिचे ढिगारे राहिले आणि बायेल्वा नदी त्या परिसरातून फ्योर्डमध्ये येते. शिशाच्या समस्थानिकांचे गुणोत्तर पाहिले तर ते इथल्या खडकाचे, कोळशाचे की युरोपातल्या जुन्या पेट्रोलचे, याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, तीन गोष्टी मिसळल्या की एका गुणोत्तराने त्या सुटत नाहीत.

खाण आणि फ्योर्ड यांच्या नात्याचा खरा धडा ग्रीनलँडमध्ये मिळाला. मारमोरिलिक इथे १९७३ पासून १९९० पर्यंत 'ब्लॅक एंजल' नावाची शिसे-जस्ताची खाण चालली. प्रवेशद्वार समुद्रापासून सहाएकशे मीटर उंच कड्यावर, फ्योर्ड ओलांडून जाणाऱ्या तारेवरच्या डब्यातून जायचे. खनिज काढून उरलेला गाळ सरळ आफार्लिकासा या फ्योर्डच्या तळाशी सोडला. हिशेब असा होता की तोंडाशी उथळ उंबरठा आहे, तळाचे पाणी आतच कोंडलेले राहील आणि सल्फाइडच्या रूपातले शिसे विरघळणार नाही. दोन्ही हिशेब चुकले. गाळातले धातू पाण्यात उतरले आणि हिवाळ्यात पृष्ठभाग थंड-खारट होऊन पाणी उलथेपालथे होताच शेजारच्या फ्योर्डमध्ये पसरले. शिंपल्यांत आणि समुद्रशेवाळात शिसे चढले. खाण बंद होऊन दशके लोटली तरी तिथली तपासणी चालूच राहिली. या प्रकरणाने एक गोष्ट शिकवली: फ्योर्डचा निकाल उन्हाळ्यात देऊ नये.

याहून ताजी कथा पाऱ्याची आहे. २०२१ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये जॉन हॉकिंग्ज आणि सहकाऱ्यांनी नैऋत्य ग्रीनलँडच्या हिमचादरीखालून वाहणाऱ्या पाण्यात पाऱ्याचे प्रमाण नैसर्गिक पाण्यांत नोंदल्या गेलेल्या सर्वांत वरच्या प्रमाणांच्या पंक्तीत असल्याचे मांडले. हिमचादर वितळते आहे, खाली फ्योर्ड आहेत, फ्योर्डमध्ये मासेमारी आहे. बातमी जगभर गेली. २०२४ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये डॅनिश संशोधकांच्या पुढाकाराने दुसरा निबंध आला. त्याच भागातल्या वितळपाण्यात त्यांना कितीतरी पटींनी कमी, साधारण पाण्यात असतो तेवढाच पारा मिळाला. आधीचा दावा टिकत नाही असे त्यांनी मथळ्यातच लिहिले. पहिल्या गटातली माणसे नवशिकी नव्हती. पॅटरसन यांच्या खोलीला साठ वर्षे उलटल्यावरही बाटलीबद्दलचा प्रश्न पुन्हा तसाच उभा राहू शकतो, आणि तो उभा करायला दुसऱ्या कोणालातरी त्याच भागात जाऊन पाणी भरावे लागते. वृत्तपत्रांनी दुसऱ्या निबंधाला पहिल्याइतकी जागा दिली नाही, हे वेगळे सांगायला नको.

भारतीय कामाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. पहिली भारतीय आर्क्टिक मोहीम २००७ ची. २०१४ च्या जुलैमध्ये कोंग्सफ्योर्डमध्ये सुमारे १९२ मीटर खोलीवर 'इंडआर्क' हा नांगरलेला वेधसंच सोडला गेला; तापमान, क्षारता यांसारख्या गोष्टी तो वर्षभर नोंदवत राहतो. धातूंसाठी असे वर्षभर सोडून देता येईल असे उपकरण अजून रोजच्या वापरात नाही, त्यामुळे माणसाला जावे लागते आणि माणसे प्रामुख्याने उन्हाळ्यात जात आली. जगभरच्या फ्योर्ड-अभ्यासांचा हाच कल आहे: जून ते सप्टेंबरच्या बाटल्या ढीगभर, जानेवारीच्या मोजक्या. एप्रिल-मेमध्ये सूक्ष्म वनस्पतींचा बहर येऊन कॅडमियम उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये वितळपाण्याचा लोट, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच नाही. वितळपाणी आटलेले, वनस्पती निजलेल्या, म्हणजे मूळ पातळी कळायला याहून बरा काळ नाही. डिसेंबर २०२३ पासून भारताने हिमाद्रीवर हिवाळी मोहिमा सुरू केल्या आहेत. धातूंच्या दृष्टीने मला त्या उन्हाळ्याच्या दहा मोहिमांपेक्षा मोलाच्या वाटतात.

गोव्याच्या लोकांना या शास्त्राची घरचीच सवय आहे. मांडवी आणि झुआरीत पावसाळ्यात लाल गाळ उतरतो, लोहखनिजाचे बार्ज वर्षानुवर्षे त्याच पाण्यातून फिरले, आणि खारे-गोडे मिसळताना लोखंड कसे फाटते हे दोना पावलाच्या समुद्रशास्त्र संस्थेच्या दारातच पाहता येते. फरक इतकाच की मांडवीत धातू शोधताना मोजणाऱ्याच्या हाताची घाण आकड्यात सहज लपून जाते. कोंग्सफ्योर्डमध्ये ती आकड्याहून मोठी होते.

म्हणून मोहिमेच्या सामानात एक बाटली अशी असते की जिच्यात समुद्र कधी येतच नाही. प्रयोगशाळेत तिच्यात अतिशुद्ध पाणी भरतात, दोन पिशव्यांत बांधतात. इतर बाटल्यांबरोबर ती ७९ अंशांपर्यंत जाते, होडीत तेवढाच वेळ उघडी राहते, त्याच गाळणीतून जाते, तेच आम्ल तिच्यात पडते, तशीच महिनाभर पेटीत बंद पडून राहते आणि वास्कोला परत येते. पेट्या उघडल्यावर फ्योर्डच्या सगळ्या बाटल्या रांगेत थांबवून पहिल्यांदा ती मोजायची असते.